नागपूर, दोन दिवस धरा

परवा नागपूरहून भाच्याचा फोन आला. आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलंय, मामा, तुम्ही आणि मामी दोघांनी यायचंच. मी आरामखुर्चीत होतो, पोटात दुपारची साबुदाण्याची खिचडी होती, आणि अशा अवस्थेत तोंड डोक्याला न विचारता चालतं. मी म्हणालो, "अरे, नागपूर काय इथं आहे का? दोन दिवस धर तू नुसत्या प्रवासाला." हल्लीच्या फोनना एक चावट सोय असते, अख्खं घर ऐकत बसतं आणि बोलणाऱ्याला पत्ता नसतो. मधेच ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, आवाज आला, ऐंशी वर्षं वापरून थोडा घासलेला, पण धार तीच. "कोण बोलतंय रे? भाऊकाका का?" तिकडे हशा पिकला. इकडे स्वयंपाकघरात आमच्या हिच्या हातातली पळी थांबली. मी फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसलो. आयुष्यभर ज्या माणसाला मी हसलो, त्याचं वाक्य माझ्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं, स्वरासकट.

तर हे भाऊकाका. वडिलांचे थोरले चुलतभाऊ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांना कोकणातून मुंबईला आणून गिरणीच्या कचेरीत चिकटवलं ते काकांनी, आणि त्याची परतफेड म्हणून अण्णा त्यांच्यासमोर जन्मभर मान खाली घालून बसले. काकांनी लग्न केलं नव्हतं. नोकरी संपल्यावर ते मुलुंडला आमच्या दोन खोल्यांपुढच्या पडवीत राहायला आले आणि येताना आपली झोपाळ्याची फळी घेऊन आले. त्या वेळचं मुलुंड म्हणजे आंब्याची झाडं, विहिरी, बैठी घरं, आणि पूर्वेला मिठागरं उन्हात चमकायची. स्टेशनावर टांगे. रूळ घरापासून दूर नव्हते, त्यामुळे लांबच्या मेलगाड्या धडधडत जायच्या तेव्हा आमच्या फळीवरचे पितळी डबे एकमेकांना टेकून किणकिणायचे. डबे किणकिणले की काका झोपाळा थांबवत, डोळे मिटत आणि जाहीर करत, "मद्रास." किंवा "कलकत्ता." कोण तपासायला जाणार? गाडी आमच्या स्टेशनावर थांबतच नसे.

काकांची उभी हयात एका पार्सल कंपनीत गेली होती. तिथे ते गाठोड्यांवर गावांची नावं लिहायचे. हिंदुस्थानातलं असं एक गाव नव्हतं, ज्याचं नाव त्यांनी ब्रशने शाईत लिहिलं नसेल. गाठोडं कुठल्या गावी किती दिवसांनी पोचतं हे त्यांना पाठ होतं. मधे ते दोन जंक्शनांवर पडून राहतं, गोदामात भिजतं, उंदीर त्याला भेटून जातात, हे सगळं धरून. निवृत्तीनंतर त्यांनी तोच हिशेब माणसांना लावला. आळीतलं कुणी ना कुणी रोज पडवीच्या पायरीशी यायचं. "भाऊसाहेब, इंदूरला भाचीच्या मुलाची मुंज आहे. किती लांब?" काका डोळे मिटणार, पायाच्या अंगठ्याने झोपाळ्याला एक ढकल देणार. "इंदूर? तीन दिवस धरा." माणूस हबकून घरी जायचा आणि भाचीकडे मनीऑर्डर पाठवायचा. ही 'धरा' नावाची गोष्ट म्हणजे काकांचं खास हत्यार. कुठल्याही गावाचं नाव घ्या, त्यावर हे वजन ठेवून ते त्याला खोल पाण्यात सोडत. वेळापत्रकाचं नाव काढलं तर म्हणत, "ती रेल्वेची इच्छा आहे. मी वस्तुस्थिती सांगतो." त्यांच्या हिशेबाने हिंदुस्थान खऱ्यापेक्षा दुप्पट मोठा होता, आणि त्यातला कुठलाही भाग बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. कोकणातून बोटीने एकदा मुंबईला आले, तोच त्यांचा पहिला आणि शेवटचा लांबचा प्रवास. तरी शेजारचे नेने त्यांना "फिरलेला माणूस" म्हणत. फिरलेला होताच, झोपाळ्याएवढा.

मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि काकांवर माझी श्रद्धा होती, हे सांगायला हवं. शाळेत भूगोलाच्या मास्तरांना मी उभं राहून सांगितलं होतं की दिल्लीला पाच दिवस लागतात. मास्तर म्हणाले, "चालत गेलास तर जास्त लागतील." वर्ग हसला. मी घरी येऊन काकांना सांगितलं, तर काका म्हणाले, "मास्तर कुठला? पुण्याचा? मग त्याला काय कळणार." मला तेही पटलं.

ताईसाठी दोन स्थळं आली तेव्हा घरात हे शास्त्र खरं कामाला लागलं. एक घाटकोपरचं. ते काकांनीच आणलं होतं. मुलगा विम्याच्या कचेरीत, घर स्वतःचं, आई ठसठशीत. बघायला आली तेव्हा ती बाई आमच्या पोह्यांवरचं खोबरं बोटाने बाजूला सारत म्हणाली, "मुलगी काय, भाजी आणायला निघाली तरी माहेरी डोकावून येईल हो." अण्णा विरघळले. काकांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घाटकोपर त्यांनीच वसवलंय. दुसरं स्थळ नागपूरचं. मुलगा शाळेत शास्त्र शिकवायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला आला असता ताईला बघून गेला होता. तो जेमतेम दोन वाक्यं बोलला, पण त्यातलं एक होतं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" हे ताईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

काकांचा निकाल तयार होता. "नागपूर? दोन दिवस धरा. जायला. यायला वेगळे." अण्णा म्हणाले, "पोरीचं डोकं दुखलं तर आपल्याला कळायचंसुद्धा नाही." मीही मान हलवली. संध्याकाळी विहिरीवर ताई पाणी शेंदत होती, मी कळशी धरून उभा होतो. मी शहाणपणाने म्हटलं, "घाटकोपरच बरं ना गं? तीन-चार स्टेशनं. रोज येशील."

तिने पोहरा काठावर आपटला. "रोज येईन. तेच तर."

"म्हणजे?"

"वत्सी बघतोस ना?" वत्सी म्हणजे नेन्यांची मुलगी, भांडुपला दिलेली. "सकाळी सासरचा स्वयंपाक आवरून येते आणि इथे आईचे पापड लाटते. दुपारी भावाच्या पोराला न्हाऊ घालते. दिवेलागणीला पुन्हा तिकडचा कणकेचा गोळा. कुणी म्हणतं का तिला लांब दिली म्हणून? दोन घरं मिळाली तिला, बाळ्या. दोन्हीकडच्या चुली."

"मग आम्ही आठवणार नाही तुला?"

"आठवायला तर लांब जायला हवं ना, गाढवा. उचल कळशी."

मी कळशी उचलली. अर्धी सांडली. मला तिचं म्हणणं कळलं नाही, पण तिला नागपूर हवंय एवढं कळलं, आणि तिला घरात कुणी विचारणार नाही हेही.

आई मात्र दोन्ही वेळा गप्प होती. रीत अशी की मुलीकडच्या कुणी थोराने मुलाचं घर बघून यायचं. घाटकोपर बघून झालंच होतं. नागपूरला नकार द्यायचा तरी घर न बघता कसा द्यायचा, एवढंच ती अण्णांकडे बोलली. अण्णांना कचेरीतून रजा मिळेना. उरले काका. "मी जातो," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात युद्धावर निघालेल्या सरदाराची तयारी सुरू झाली. दोन दिवसांचा प्रवास, म्हणून आईने त्या हिशेबाने फराळ केला. पहिल्या वेळेला दहीभात, पुढच्याला दुधातल्या दशम्या आणि लसणीची चटणी, त्यानंतर कुठे जगलेच तर चिवडा. वळकटी, फिरकीचा तांब्या, कानाला मफलर. मेल कल्याणला धरायची होती. मी त्यांना मुलुंड स्टेशनावर पोचवलं. कल्याणच्या गाडीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येतो रे." आवाज जरा वेगळा होता. मला वाटलं, गांभीर्य.

काका परत आले ते पाचव्या दिवशी, दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. सगळी आळी पडवीत जमली. झोपाळ्यावर बसून त्यांनी जे वर्णन केलं, ते आठवलं की मला आजही त्या माणसाच्या धाडसाचं कौतुक वाटतं, फक्त ते धाडस जिभेपुरतंच होतं. नागपूर म्हणजे नुसतं ऊन. माणसं चांगली हो, पण पाणी जड. गाडी रानात तासन् तास उभी. "मुलगी दिलीत तर मेली का जिवंत ते पार्सलाने कळेल," ते म्हणाले. नेने हळहळले. अण्णांनी डोळे पुसले. ताई दाराआड उभी होती, तिच्या हातातला पदराचा पिळा मला दिसत होता. घाटकोपरला होकार कळवायचं जवळजवळ ठरलंच.

तेवढ्यात काकांनी पिशवीतून आमचा पितळी डबा काढला. "व्याहीणबाईंनी दिलंय. रिकामा डबा परत कसा पाठवायचा म्हणाल्या." आईने डबा आत नेला. त्यात ओल्या नारळाच्या वड्या होत्या. आईने एक मोडली, जिभेवर ठेवली आणि चुलीकडे बघत उभी राहिली. मग तिने मला हाक मारली. थोरल्या दिरासमोर आई कधी बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन ती दाराच्या आतच उभी राहायची आणि काय ते आमच्यामार्फत विचारायची.

"बाळ्या, काकांना विचार, वड्या त्यांच्या डोळ्यांदेखत थापल्या की आधीच्या होत्या?"

"डोळ्यांदेखत!" काका मला मधे न घेता सरळ दाराला म्हणाले. "मी म्हटलं, कशाला त्रास? ऐकेनात."

"विचार, नारळ खवताना पाठीचं काळं काढलं होतं का?"

काकांचा झोपाळा मंदावला. "आता ते... बायकांचं काम. मी कशाला बघतोय."

"विचार, नागपुरात नारळ कुठून आणतात? देवापुढे फोडायला मिळतो तो, की वड्यांनाही पुरतो?"

"मिळतात. भरपूर मिळतात. रस्त्यारस्त्यावर झाडं आहेत."

नेन्यांनी मान डोलावली. आई दारातून पुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा. हातात मोडलेली वडी. त्या वडीत नारळाच्या पाठीचे तपकिरी ठिपके होते आणि वासाला आलं. असं आलं घालून, टाकायला नको म्हणून काळ्या पाठीसकट नारळ खवून, पाक जरा जास्तच आटवून वडी करणारी बाई अख्ख्या जगात एकच होती, अण्णांची बहीण, आमची कमाआत्या, राहणार कल्याण. ती दर दिवाळीला पाठवायची आणि आम्ही पोरं दातांची शर्थ करून खायचो. काकांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुरुषांना वडी म्हणजे वडी. आयुष्यभर आयतं ताट समोर आलेल्या माणसाला त्यात सही असते हे कसं कळावं?

आई म्हणाली, "भावोजी, ही वडी कल्याणच्या पुढची नाही."

लांबून मेल आली, फळीवरचे डबे किणकिणले, पण कुठली ते काकांनी सांगितलं नाही. मग ते अण्णांकडे न बघता म्हणाले, "गाडी आली होती रे. मी दाराला हातही लावला. पायरी फार उंच असते त्या गाडीची." एवढंच. हिंदुस्थानभर गाठोडी धाडणारा माणूस एका पायरीला हरला आणि बहिणीच्या घरी चार दिवस पथारी पसरून, आलं घातलेल्या वड्या घेऊन घरी आला. मी तेव्हा मोठ्याने हसलो. ताईने मला चिमटा काढला. ती हसली नव्हती. तिचं काय व्हायचं होतं ते अजून व्हायचंच होतं.

आई म्हणाली, "मी जाते. बाळ्या, तू चल."

अण्णा चपापले. "बायका कुठं स्थळ बघायला जातात?"

"पुरुष जाऊन आले ना? कल्याणपर्यंत."

आम्ही निघालो. आईने एकाच वेळेचं खाणं घेतलं. मी चोरून पिशवीत चिवड्याचा डबा सरकवला, कारण काकांचं शास्त्र खोटं ठरलं तरी त्यांचं 'धरा' माझ्या पोटात घट्ट बसलं होतं. संध्याकाळी कल्याणला मेल आली. पायरी खरंच उंच होती. आईने नऊवारीचा काष्टा सावरला, दांडा धरला आणि चढली. पुढे गाडीत दशम्या सोडताना ती मला म्हणाली, "माझं माहेर सासरच्या अंगणातून दिसायचं, ठाऊक आहे का तुला?"

"दिसायचं?"

"खाडीपलीकडे. आमच्या घरावरची माडांची रांग ओळखू यायची. आई गेली तेव्हा तिकडची रडारड ऐकू आली मला, वारा इकडचा होता. पण होडी धाडली नाही कुणी. लोणच्याचे आंबे चिरायचे पडले होते ना." तिने दशमीचा तुकडा माझ्या हातात दिला. "जवळ म्हणे."

मी दशमी खाल्ली. त्या वयात दुसरं काय करता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आत आम्ही नागपुरात होतो. ऊन होतं, पण मुलुंडलाही असतं. घर साधं, बैठं, दारात कडुनिंब. मुलाच्या आईने आम्हाला पाट मांडले, वरण-भात, वांग्याची झणझणीत भाजी, वर कच्चं तेल. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून ती बाई ताक घेऊन धावली. जेवण झाल्यावर ती संकोचून म्हणाली, "एवढ्या लांब द्याल हो तुम्ही मुलगी?"

आईने आपली पिशवी उघडली. दोन दशम्या उरल्या होत्या. तिने एक बोटांनी दाबून पाहिली आणि त्या बाईपुढे धरली. "अजून मऊ आहे. लांब कुठलं?" मग तिने तो एकच प्रश्न विचारला, ज्यासाठी ती आली होती. "माहेरी कधी पाठवाल?"

बाई गोंधळली. "म्हणजे? तिला वाटेल तेव्हा जाईल ना. शिकलेली आहे, तिकीट काढता येईल की तिला."

आईने पदराने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं. मुलाचं घर बघून झालं होतं.

लग्न मुलुंडलाच झालं. मांडवात काकांनी वऱ्हाड्यांना सगळा मार्ग समजावून सांगितला, कुठल्या स्टेशनावर पाणी गोड आणि कुठे चहा पाण्यासारखा. नागपूरकर, कालच त्या रस्त्याने आलेले, ऐकून घेत होते. ताई पुढे दरवर्षी यायची, कधी दोनदा. आली की पापड लाटायची नाही, झोपाळ्यावर पाय वर घेऊन वाचत बसायची आणि आई तिला चहा नेऊन द्यायची. घाटकोपरच्या त्या घरात नेन्यांची धाकटी गेली. ती मुलुंडच्या बाजारात भाजीला आली तरी भाजी घेऊन सासरीच परत जायची, माहेरच्या दारावरून, मान खाली घालून. आणि काका शेवटपर्यंत झोपाळ्यावर होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "नागपूर? दोन दिवस धरा. मी स्वतः निघालो होतो." हे शेवटचं मात्र खरं होतं, हे मला मान्य करावं लागतं.

हे प्रकरण लिहून झालं, तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी मी हिला वाचून दाखवलं. शेंगा सोलत सोलत तिने सगळं ऐकलं. काका कल्याणला अडकले तिथे हसली, दशमीशी हात थांबवला. मी कागद खाली ठेवले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

ती म्हणाली, "लिहिलंत ते ठीक आहे. सुनेकडून दोघांची तिकिटं काढून घेतलीत मी. आणि हे बघा, कल्याण मागे पडेपर्यंत दाराकडच्या बाजूला मी बसणार."